कागदाची चकाकी जाण्याआधी

गेल्या दोन महिन्यांत मी जलरंगात अकरा चित्रे रंगवली आणि त्यांतली चार ठेवली. उरलेली सात पाठकोऱ्या कागदांच्या गठ्ठ्यात गेली असून त्यांच्या मागच्या बाजूवर आता वर्गात रंग तपासले जातात. ठेवलेली चारही चित्रे पाव इम्पीरियल आकाराची, म्हणजे ११ × १५ इंचांची आहेत. कागद सगळीकडे १०० टक्के कापसाचा आणि ३०० जीएसएम वजनाचा आहे. तीन चित्रे कोल्ड प्रेस्ड, म्हणजे मध्यम दाण्याच्या पृष्ठभागावर आहेत, चौथे रफवर, म्हणजे जास्त खरखरीत कागदावर. पॅलेटवर रंगही तेच सहा होते. इतके सगळे सारखे असताना काही चित्रे साधली आणि काही पार फसली, तेव्हा मी अकराही कागद जमिनीवर मांडले आणि प्रत्येकात चित्र नेमके कुठे सुटले ते शोधू लागले. रेखाटन फारसे कुठे चुकले नव्हते, रंगांची निवडही नाही. सुटलेल्या प्रत्येक चित्रात ब्रश कागदाला लागला तेव्हा कागद मला वाटत होता त्यापेक्षा कमी किंवा जास्त ओला होता, एवढीच एक गोष्ट समान निघाली.

पहिले चित्र धुक्यातल्या नदीकाठाचे आहे. त्यात बोट ठेवून दाखवावी अशी वस्तू जवळजवळ नाही: मागे झाडांची एक पुसट रांग, तिच्या पुढे थोडी गडद दुसरी रांग, आणि डावीकडे एकच झाड स्पष्ट. कागद मी दोन्ही बाजूंनी रुंद, चपट्या ब्रशने भिजवला आणि अ‍ॅक्रिलिकच्या शीटवर पसरला. खालची बाजू ओली असली की कागद शीटला चिकटून बसतो, तंतू फुगल्यामुळे पडणाऱ्या लाटा पडत नाहीत आणि वरची ओलही बराच वेळ टिकते. क्षितिजाजवळ मातकट पिवळ्या रॉ सिएनाचा अगदी पातळ हात फिरवला, वरच्या भागात निळा अल्ट्रामरीन आणि तांबूस बर्न्ट सिएना यांचा पातळ राखाडी सोडला, शीट थोडी तिरपी करून दोघांना एकमेकांत ओघळू दिले आणि ती पुन्हा सपाट ठेवली. त्यानंतर सात-आठ मिनिटे मी काहीही केले नाही. डोळे कागदाच्या पातळीला आणून, खिडकीच्या समोरून, नुसती त्याच्याकडे पाहत बसले.

या सात-आठ मिनिटांत कागदावर जे घडते ते मी वर्गात दरवेळी सांगते आणि दरवेळी ते ऐकण्यापेक्षा पाहण्यानेच कळते. भिजवल्याबरोबर पाण्याचा पापुद्रा वर उभा असतो आणि त्यात खिडकी आरशासारखी दिसते. थोड्या वेळाने पाणी तंतूंमध्ये मुरते, खिडकीच्या कडा विरघळतात आणि उरते ती एकसंध चकाकी. मग ही चकाकी मंदावत जाते, कागदाचा दाणा डोके वर काढतो आणि पृष्ठभाग साटिनच्या कापडासारखा दिसू लागतो. शेवटी चकाकी पूर्ण जाते. कागद कोरडा झाल्यासारखा दिसतो, पण बोटांची पाठ हलकेच टेकवली तर गार लागतो. आतले पाणी अजून उडते आहे आणि उडताना उष्णता घेऊन जाते आहे, म्हणून हा गारवा. खरोखर वाळलेला कागद गार लागत नाही.

पाणी उभे असताना टाकलेला रंग कुठेही वाहत जातो आणि आकार धरत नाही. आकाशाच्या पहिल्या हातासाठी ते चालते, झाडांसाठी चालत नाही. एकसंध चकाकी असताना टाकलेला रंग पसरतो, पण जिथे टाकला त्याच्या आसपास राहतो. साटिनच्या अवस्थेत तो जेमतेम कडा मऊ होण्याइतका पसरतो आणि थांबतो. धुक्यातली मागची झाडे मी एकसंध चकाकी मंदावू लागली तेव्हा लावली, पुढची रांग त्यानंतर दोन-तीन मिनिटांनी साटिनवर, आणि डावीकडचे झाड कागद पूर्ण वाळल्यावर दुसऱ्या दिवशी. धुक्याची खोली या तीन वेळांमधून आली आहे. रंग तिन्ही वेळा एकच होता, फक्त दरवेळी आधीपेक्षा दाट.

हे 'दाट' फार महत्त्वाचे आहे. साटिनच्या अवस्थेत ब्रशमध्ये कागदापेक्षा जास्त पाणी असेल, तर ते पाणी ओलसर तंतूंमधून चहूकडे सरकते, वाटेतले रंगाचे कण ढकलत नेते आणि जिथे त्याचा जोर संपतो तिथे त्यांची दातेरी कड करून सोडते. आम्ही त्याला फ्लॉवर म्हणतो, कारण तो भाजीतल्या फ्लॉवरसारखाच दिसतो. म्हणून त्या वेळी लावायचा रंग सायीइतका घट्ट कालवावा लागतो आणि तो ब्रशमध्ये घेतल्यावर ब्रशचे पोट एकदा फडक्यावर टेकवावे लागते. टोक नव्हे, पोट. पाणी तिथे साठलेले असते. माझ्या फसलेल्या सात चित्रांपैकी तीन या एका टेकवण्याच्या आळसामुळे गेली आहेत, आणि मी ही गोष्ट इतकी वर्षे शिकवते आहे, हे लिहिताना थोडे ओशाळायला होते.

कोरड्या कागदावर टाकलेला रंगाचा थेंब वाळला की त्याच्या कडेला गडद रेघ का उमटते, हा प्रश्नही याच कुळातला आहे. थेंबाची कड कागदाला धरून बसलेली असते आणि तिथले पाणी मधल्या भागापेक्षा लवकर उडते. ती तूट भरायला आतले पाणी बाहेर वाहते आणि जाताना कण कडेला नेऊन ठेवते. कॉफीच्या डागाला कड पडते ती याच कारणाने, आणि १९९७ मध्ये शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी याचा नीट उलगडा केला. जलरंगाच्या चित्रकारांना ही रेघ त्याच्या कितीतरी आधीपासून हातापुरती ठाऊक होती. ती नको असेल तर वॉशच्या, म्हणजे पातळ रंगाच्या सपाट हाताच्या, शेवटी तळाशी साचलेला रंगाचा मणी पिळलेल्या ब्रशने टिपून घ्यायचा, हवी असेल तर तसाच सोडायचा.

इथेच हेअर ड्रायरबद्दल बोलून टाकते. वर्गात तो ठेवलेला आहे, पण चकाकी असताना तो वापरू नये असे माझे ठाम मत आहे. वाऱ्याने तळे एका बाजूला सरकते, एक भाग वाळतो, दुसरा ओलाच राहतो आणि मग ज्या कडा पडतात त्या आपण ठरवलेल्या नसतात. चकाकी गेली, कागद नुसता गार उरला, की खुशाल वापरावा. घाई असेल तर दोन चित्रे शेजारी ठेवून आळीपाळीने रंगवावीत. मी बहुतेक वेळा तसेच करते.

दुसरे चित्र खिडकीत ठेवलेल्या पांढऱ्या चिनी मातीच्या किटलीचे आहे. वर्गातल्या एका बाईंनी हाच विषय माझ्याबरोबर रंगवायला घेतला होता. अर्ध्या तासाने त्यांनी विचारले, "मॅडम, किटली पांढरी दिसतच नाही. वरून थोडा पांढरा घेऊ का?" मी म्हटले, "पांढरा नंतर बघू. आधी सावली दुपटीने गडद करा." त्यांना पटले नाही, पण त्यांनी केली, आणि किटलीची उजेडाकडची बाजू कागदातून उजळून वर आली. पांढऱ्या वस्तूची सावली फिकट असते असे आपण डोक्याने ठरवलेले असते. प्रत्यक्षात, मागून उजेड येत असताना, ती मधल्या टोनपर्यंत, म्हणजे मध्यम गडदपणापर्यंत, सहज उतरते. डोळे किलकिले करून पाहिले तर किटलीचे सावलीतले पोट आणि तिच्यामागची उन्हातली भिंत यांत भिंतच उजळ दिसते. मी सावलीसाठी अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना आणि नावापुरता क्विनॅक्रिडोन रोझ घेतला, आणि ती ओली असतानाच खालच्या बाजूला टेबलावरून उसळणाऱ्या उजेडाचा रॉ सिएना सोडला. तो तिथे आपोआप मिसळला. ब्रशने मिसळायला गेले असते तर मेला असता.

सावली फिकट राहण्याचे दुसरे कारण डोळ्यांचे नाही, पदार्थाचे आहे. जलरंग वाळल्यावर उतरतो. ओला असताना कणांच्या आणि तंतूंच्या मधल्या फटी पाण्याने भरलेल्या असतात. पाण्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वळवण्याच्या क्षमतेचा अंक, सुमारे १.३३ आहे, तो तंतूंच्या आणि रंगातल्या डिंकाच्या १.५ च्या आसपासच्या अंकाला बराच जवळचा, म्हणून प्रकाश फारसा न विखुरता आत शिरतो आणि रंग खोल दिसतो. पाणी उडाले की त्या फटींत हवा येते, तिचा अंक १. आता पृष्ठभागावरच जास्त प्रकाश विखुरतो आणि रंगावर पांढुरकेपणा चढतो. हे टाळता येत नाही, फक्त गृहीत धरता येते. कालवताना रंग आपल्याला हवा त्यापेक्षा एक पायरी गडद ठेवायचा आणि लावल्यावर घाबरायचे नाही. किटलीच्या सावलीचा पहिला हात ओला असताना मलाही तो भयंकर वाटला होता.

पांढरा वापरावा की नाही यावर वर्गात पुष्कळ वाद होतो. मी तो सोवळ्याचा प्रश्न करत नाही. जर्मन चित्रकार ड्युररने १५०२ मध्ये रंगवलेल्या सशाच्या चित्रात जलरंगाबरोबर अपारदर्शक पांढराही आहे. इंग्लिश चित्रकार टर्नरने वाळलेला रंग खरवडून खालचा कागद उघडा केला, तोही नखाने आणि चाकूने. जस्ताच्या भस्मापासून केलेला 'चायनीज व्हाइट' १८३४ मध्ये विन्सर अँड न्यूटन या इंग्लिश रंग कंपनीने बाजारात आणला, तो जलरंग रंगवणाऱ्यांसाठीच. माझी हरकत एवढीच आहे की पांढरा हाताशी आहे म्हटल्यावर कागद राखण्याची, म्हणजे पांढऱ्या जागी तो कोरा सोडण्याची, काळजी सुटते, आणि राखलेला कागद व वरून लावलेला पांढरा हे शेजारी ठेवले तर पहिला उबदार आणि दुसरा खडूसारखा दिसतो. किटलीच्या कानावरची एक बारीक चमक मी चुकून रंगवून टाकली होती. ती शेवटी पात्याच्या टोकाने खरवडून काढली. कागद पूर्ण वाळलेला असेल तरच हे करावे, नाहीतर तंतू उचकटतात आणि तो भाग टिपकागदासारखा रंग पितो. कागदाला जिलेटिनची किंवा तशाच पदार्थाची जी कांजी दिलेली असते, ती खरवडल्यावर तिथे उरत नाही.

या दोन्ही चित्रांतला राखाडी अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना यांचाच आहे, आणि या जोडीशिवाय मला आता रंगवता येईल असे वाटत नाही. एक निळा, दुसरा मुळात काळपट नारिंगी. एकमेकांचे पूरक असल्यामुळे ते एकमेकांचा भडकपणा शमवतात. अल्ट्रामरीनचे कण मिश्रणात एकमेकांना धरून गोळा होतात आणि कागदाच्या दाण्यातल्या खळग्यांत बसतात, त्यामुळे वाळल्यावर राखाडीत निळे आणि तांबूस असे दोन्ही रंग जवळून वेगवेगळे दिसतात. तयार राखाडीच्या ट्यूबमधून हे क्वचितच मिळते. पूर्वी हा निळा लाजवर्द दगड कुटून काढत आणि त्याची किंमत सोन्याशी तोलली जाई. एका फ्रेंच संस्थेने १८२४ मध्ये कृत्रिम अल्ट्रामरीनसाठी ६,००० फ्रँकचे बक्षीस जाहीर केले आणि १८२८ मध्ये ते जाँ-बातिस्त गिमे यांना मिळाले. आज शिकाऊ मुलाच्या डबीतही हा रंग असतो तो त्यामुळे. याच्या उलट स्वभावाचा थॅलो ब्लू. त्याचे कण इतके बारीक असतात की ते तंतूंत शिरून बसतात आणि वाळल्यावर पुसून निघत नाहीत. ज्या भागातून नंतर रंग उचलायचा आहे तिथे तो लावू नये. मी एका आकाशात लावला होता, ते आकाश सात फसलेल्यांपैकी एक आहे.

ट्यूबवर नावाच्या खाली रंगद्रव्याचा सांकेतिक क्रमांक छापलेला असतो, तो वाचायची सवय लावावी. अल्ट्रामरीन म्हणजे पीबी २९, थॅलो ब्लू म्हणजे पीबी १५. बर्न्ट सिएना या नावाखाली कुठे पीबीआर ७ असतो, कुठे पीआर १०१, आणि दोघांची वागणूक सारखी नसते. क्रमांकाचे महत्त्व मला एका गुलाबी फुलांच्या चित्राने शिकवले. ते अनेक वर्षे उजेडाच्या भिंतीवर टांगलेले होते. एक दिवस चौकट बदलायला काढले तेव्हा माउंटच्या, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या, आत झाकलेली एक पट्टी गडद गुलाबी निघाली आणि बाकीची फुले तिच्या शेजारी धुतल्यासारखी दिसली. त्यात अ‍ॅलिझरिन क्रिमसन होता, पीआर ८३, जो उजेडात उडतो. जलरंग प्रकाशात फिके पडतात याची पद्धतशीर तपासणी इंग्लंडमध्ये रसेल आणि अ‍ॅबनी या शास्त्रज्ञांनी करून तिचा अहवाल १८८८ मध्ये दिला होता, तेव्हा अज्ञानाचा बहाणा मला करता येत नाही. आता मी त्याच्या जागी पीव्ही १९ असलेला क्विनॅक्रिडोन वापरते.

तिसरे चित्र पावसात भिजलेल्या रस्त्याचे आहे आणि ते मी तीनदा रंगवले. पहिल्या वेळी रस्ता फार कोरडा झाला, दुसऱ्या वेळी प्रतिबिंबे इतकी पसरली की रस्त्याचे तळे झाले. तिसऱ्यांदा मी क्रम उलटा केला: आधी रस्त्याचा पूर्ण भाग भिजवून त्यात आकाशाचाच राखाडी सोडला, आणि तो मुरेपर्यंत वरची घरे व छत्री घेऊन चाललेली माणसे कोरड्या कागदावर रंगवली. त्यांचे पाय रस्त्याला टेकतात तिथे ब्रश न उचलता तसाच खाली ओल्यात उतरवला. वर कड ठाम, खाली विरघळलेली, आणि दोन्ही एकाच ओढीत. ओला रस्ता डोळ्यांना पटतो तो या सांध्यामुळे. प्रतिबिंबाचे टोन मात्र मूळ वस्तूचेच उतरवू नयेत. गडद वस्तूचे प्रतिबिंब तिच्यापेक्षा किंचित उजळ असते आणि उजळ वस्तूचे किंचित गडद, म्हणजे दोन्ही मधल्या टोनकडे सरकतात. रस्त्यावरच्या दिव्यांच्या उभ्या पट्ट्या मी रंग साटिनच्या अवस्थेत असताना पिळलेल्या ब्रशने उचलून काढल्या. ब्रश तहानलेला हवा. तो ओला असेल तर उचलण्याऐवजी देतो. डाव्या कोपऱ्यात असा एकदा त्याने दिला आणि तिथे फ्लॉवर उमटला. मी तो राहू दिला आहे. वर्गात कुणीतरी तो खड्ड्यातल्या पाण्यावर पडलेला थेंब समजून त्याचे कौतुक केले, आणि मी ते कौतुक निमूटपणे घेतले.

चौथ्याबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. खडकाळ किनाऱ्यावरचे दुपारचे पाणी, रफ कागद, जवळजवळ सगळे काम कोरड्या ब्रशचे. दाट रंग घेतलेला ब्रश आडवा धरून झरकन फिरवला की रंग दाण्याच्या उंचवट्यांवर बसतो, खळगे पांढरे राहतात आणि पाणी लखलखते. हात दुसऱ्यांदा फिरवला की खळगेही भरतात आणि लखलखाट जातो. चित्र चाळीस मिनिटांत झाले. त्यातली पंचवीस रेखाटनाची होती.

पुढच्या आठवड्यापासून वर्गात आम्ही चित्र न काढता एकच सराव करणार आहोत, तो घरीही करता येईल. हाताच्या वितीएवढी लांब पट्टी कापायची, ती दोन्ही बाजूंनी भिजवून तिच्यावर मध्यम निळ्याचा सपाट हात द्यायचा आणि घड्याळ समोर ठेवून दर मिनिटाला बर्न्ट सिएनाचा एक ठिपका डावीकडून उजवीकडे ठेवत जायचे. कालवलेला रंग तोच, ब्रश तोच, दरवेळी फडक्यावर तितकाच टेकवलेला. ठिपका ठेवण्याआधी चकाकी पाहायची आणि तिचे वर्णन पट्टीखाली पेन्सिलने लिहायचे. दमट दिवशी पट्टीवर बारा-पंधरा ठिपके बसतात, कोरड्या दिवशी सहा-सातच, म्हणून मिनिटांचे आकडे पाठ करून काही उपयोग नाही. पट्टीखालचे शब्द मात्र दोन्ही दिवशी त्याच क्रमाने येतात.

मी परवा स्वतःची पट्टी केली. पहिले दोन ठिपके कुठे गेले ते सापडत नाही. तिसरा आणि चौथा ढगासारखे पसरले आहेत, पाचव्याची आणि सहाव्याची कड लोकरीसारखी मऊ आहे. सातवा ठेवताना फोन वाजला, ब्रश फडक्यावर टेकवायचा राहून गेला, आणि तिथे दातेरी कडेचा फ्लॉवर आहे. आठव्यापासून ठिपके गोल आणि ठाम आहेत. पट्टी रंगवण्याच्या टेबलासमोर लावून ठेवली आहे, आणि सातव्या ठिपक्याखाली मी 'साटिन' असे लिहिले असून त्याच्या शेजारी 'पोट!' असे लिहिले आहे.